चेहऱ्यासकट

"चेहरा झाकू या," संपादक हेन्द्रिक म्हणाला. "फोटो छापू या. चेहरा नको."

"मग छापूच नकोस," नीलांबरी म्हणाली.

फोटो तिच्या विद्यार्थिनीने, फेम्कने काढला होता. नायमेखन या डच शहराबाहेर वाल नदीच्या काठी रंगाचा एक कारखाना होता. पहाटेच्या उजेडात एक माणूस तिथला सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडत होता आणि लालभडक पाणी सरळ नदीत पडत होतं. अंगात कंपनीचं जॅकेट. मान वर, चेहरा अगदी स्पष्ट.

'आमचं कोणीही तिथे नव्हतं,' असं कंपनीने कालच जाहीर केलं होतं.

"चेहरा झाकला की म्हणतील, जॅकेट काय, कोणीही घालतं," नीलांबरी म्हणाली. "उद्या नगरपालिका चौकशी बंद करतेय. फोटो आजच छपाईला जायला हवा."

नीलांबरी या वर्तमानपत्राची फोटो एडिटर होती, शिवाय कॉलेजात फोटोपत्रकारिता शिकवायची. मुंबईच्या पेपरात असताना मालकाच्या मेव्हण्याला फोटोतून कापायचा हुकूम आला, तेव्हा तिने राजीनामा टाकला होता. ती हकीकत दर वर्षी नव्या वर्गाला सांगायची, जरा तोऱ्यातच.

"वकिलांना घाबरलास?" तिने विचारलं.

"वकिलांचं मी बघून घेईन." हेन्द्रिकने उठून दार लावलं. "त्या माणसाची नोकरी जाईल. खटला होईल. त्याला घरदार आहे, नीलांबरी."

"नदीचं पाणी पिणाऱ्यांनाही आहे."

"पुन्हा एकदा विचार कर. तुला कोणी नावं ठेवणार नाही."

"मी ठेवीन ना."

त्याने दार पुन्हा उघडलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पहिलं पान."

बाहेर फेम्क रडवेली होऊन बसली होती. "नका ना छापू. माझ्यामुळे तो माणूस उद्ध्वस्त होईल. डोळे बघा त्याचे, किती घाबरलेत."

"बघितले." नीलांबरी तिच्याशेजारी बसली. "व्हॉल्व्ह तू उघडलास?"

"नाही."

"मग डोळे पूस. फोटोखाली नाव तुझं, जबाबदारी माझी. आणि छापण्याआधी काय करायचं? वर्गात काय शिकवलं मी?"

"त्याची बाजू विचारायची," फेम्क पुटपुटली. "पण त्याचा नंबर कुठे आहे आपल्याकडे?"

"आहे," नीलांबरी म्हणाली.

हेन्द्रिक दारात आला होता. "तो फोन मी करतो," तो हळूच म्हणाला. "हे तरी माझ्यावर सोड."

"नाही. हे काम माझं आहे."

तिने नंबर लावला. पलीकडून लगेच आवाज आला. "निघालीस का गं? आमटी गार होतेय."

"रवींद्र," ती नवऱ्याला म्हणाली, "मी पेपरकडून बोलतेय."