तीनदा पुकारा

पट्टेवाल्याने कोर्टाच्या दारात उभं राहून दोघा सुतार भावांच्या नावाचा तीनदा पुकारा केला. दोघे त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते, तरी तीनदा.

“हजर,” थोरला म्हणाला.

“हजर,” धाकटा म्हणाला.

आत न्यायाधीशांची खुर्ची होती. पट्टेवाल्याने ती सकाळीच फडक्याने लख्ख पुसली होती. न्यायाधीश बदली होऊन गेले त्याला चार वर्षं झाली, नवे काही आले नाहीत. पण पुकारा, हजेरी आणि पुढची तारीख यांत कधी खंड पडला नव्हता. खुर्चीत माणूस नाही एवढं सोडलं, तर कोर्ट अगदी शिस्तीत चाललं होतं.

थोरल्याने खिशातून कागद काढून कारकुनापुढे ठेवला. “साहेब, आम्ही आपसात मिटवलंय. दोघांच्या सह्या आहेत. आता कारखान्याचं सील तेवढं काढून द्या.”

भांडणाच्या भरात दोघांनीच अर्ज देऊन ते सील लावून घेतलं होतं. दुसऱ्याने रंध्यालाही हात लावू नये म्हणून.

कारकुनाने कागद शेवटपर्यंत वाचला. “छान झालं हो,” तो मनापासून म्हणाला. “पण सील साहेबांच्या हुकमाने लागलंय. ते निघायलाही साहेबांचाच हुकूम लागेल.”

“साहेब कधी येणार?”

“येतील की. तारीख लिहून घ्या.”

धाकट्याचा तोल सुटला. “अहो, छप्पर गळतंय, करवती गंजून गेल्या! दादा या वयात विटा वाहतो, मी बाजारात हमाली करतो. हातात कसब असून मुलांना अर्धपोटी झोपवायचं?”

“भांडत असता तर नुसत्या तारखांवर भागलं असतं,” कारकून म्हणाला. “मिटल्यावर काय करायचं, ते मलाही कुणी सांगितलेलं नाही.”

जिन्यात पट्टेवाल्याने त्यांना गाठलं. पुकाऱ्याचा तो आवाज आता अगदी खाली आला होता. “मागच्या गल्लीत अण्णांकडे जा. माझ्या बहिणीच्या घराचं मी तिथेच मिटवलं.”

“तुम्ही? कोर्टातले असून?”

“कोर्टातला आहे म्हणूनच.”

अण्णांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, प्यायला गार पाणी होतं. अण्णांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि भावांबरोबर दोन माणसं कारखान्यावर पाठवली. त्यांनी हातोडीने सील फोडलं. समोरच्या चौकीतल्या पोलिसाने ते पाहिलं आणि पाठ फिरवली. भावांना रडू आवरेना. डोळे पुसून पाहतात तो दाराला नवं कुलूप लागलेलं.

“किल्ली माझ्याकडे राहील,” दोघे अंगणात परतल्यावर अण्णा म्हणाले. “सकाळी यायचं, न्यायची. आधी माझी कामं, मग तुमची. संध्याकाळी परत आणून द्यायची.”

“पण अण्णा, कारखाना आमचा आहे,” धाकटा म्हणाला.

“तुमचाच आहे. मी कुठे नाही म्हणतोय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या फाटकावरच्या माणसाने यादी पाहून दोघांच्या नावाचा तीनदा पुकारा केला. दोघे त्याच्या समोरच उभे होते.

धाकटा वळून कोर्टाच्या दिशेने पाहू लागला. फाटकावरच्याने यादीतून मान वर केली.

“दोघंही हजर,” थोरल्याने घाईघाईने सांगितलं.