तासभर तोडी

वॉर्डातले पेशंट सकाळीच फुगे फुगवायला बसले होते. फुप्फुसं ताणली की त्यांतून झरणारं द्रव्य मूत्रपिंडांना मीठपाणी बाहेर टाकायला लावतं. आता हाच उपचार होता. भिकाजी गुरवांच्या पायांची सूज मात्र फुग्यांनी उतरेना. आज लघवी झाली नाही, तर दुपारी डायलिसिस ठरलं होतं.

"सिस्टर, देवळात चाळीस वर्षं सनई वाजवली मी. ह्या पोरखेळानं माझी छाती काय ताणणार?"

"मग वाजवा ना, काका! नुसतं बोलून पाणी निघत नाही."

लेकीने घरून सनई आणली. भिकाजींनी सूर न तोडता तासभर तोडी वाजवली आणि भांडं घेऊन ते आत गेले.

सिस्टरने मोजलं. "नऊशे मिली! डायलिसिस रद्द."

"औषधाच्या रकान्यात काय लिहिताय?" भिकाजींनी मान ताठ करून विचारलं. "तोडी लिहा. आणि खाली वादकाचं नाव."