जळीत नोंद

साखर कारखान्याच्या कचेरीत, आपली पोरं दाराशी उभी करून, रणजितनं कारकून गोकुळतात्यांची करंगळी मोडली, तेवढ्यात संगणकापुढं बसलेल्या प्राचीचा फोन वाजला.

"स्पीकरवर घे," रणजित म्हणाला. "नीट बोल."

शेळगावहून आई होती. "आपला ऊस तर तोडून गेला. रानात पडलेलं वाळकं पाचट पेटवू का गं? पण वारं रणजितच्या उसाकडं हाय."

"मग नको आई. त्यांचा ऊस पेटंल."

रणजित खूश झाला. "शेजारधर्म कळतो की हिला." मग त्यानं तात्यांचं दुसरं बोट धरलं.

कारखान्याची ऊसतोडीची यादी वेबसाइटवर लागायची. सर्व्हरवर त्या यादीला हात लावायचा मुख्य अधिकार एकाच स्क्रिप्टला होता, आणि ती प्राचीनं लिहिली होती. जळालेला ऊस लगेच तोडावा लागतो. त्या रानाचा गट नंबर घ्यायचा आणि तो यादीत वर काढायचा, एवढंच ती स्क्रिप्ट करायची. बाकीच्यांना ती चालवता यायची, बदलता यायची नाही. सात हंगामांत एक खोटी नोंद नव्हती. पोरीला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

रणजितनं पेनड्राइव्ह टेबलावर टाकला. "ही माझी स्क्रिप्ट. हिलाबी तो मुख्य अधिकार दे. माझा नंबर कायम पहिला."

"मग सगळ्यांची यादी तुमच्या हातात जाईल. न्हाय देणार."

दुसरं बोट मोडलं. तात्या मटकन खाली बसले. रणजितनं प्राचीचं डोकं टेबलावर आपटलं, दोनदा. कीबोर्डवर रक्त सांडलं. तिसरं बोट धरल्यावर ती बोलली.

"थांबा. माझ्याच स्क्रिप्टनं तुमचा ऊस जळीत दाखवते. जळीत म्हणून दरात थोडी कपात बसंल, पण आजच तोड मिळंल."

"बसू दे कपात."

"रानात कुणी हाय का? कुणी हिरवा ऊस बघितला तर बोंब होईल."

"कुत्रंबी न्हाय. पोरं समदी हितं हायती. नुसतं माझं नवं हार्वेस्टर हुबं हाय उसात."

तिनं गट नंबर टाकला. रणजितचं नाव यादीत पहिलं आलं. तिच्या गालावर टपली मारून तो पोरांना घेऊन गेला.

तात्या हात पोटाशी धरून रडायला लागले. "सात वर्सांत पहिली खोटी नोंद, प्राची. तीबी माझ्यापायी."

"रडू नका तात्या. दवाखान्यात जाऊ. एवढा एक फोन करते."

तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि नंबर लावला.

"आई, वारं अजून तिकडंच हाय का?"

"व्हय."

"मग पेटव पाचट."