धाकली आई

“चोर! सगळे चोर!” साहेबाने काठी दगडी ओट्यावर आपटली.

कबरीचा ओटा होता. ओट्यावरची खाच होती. खाचेत उभा असायचा तो दगड मात्र नव्हता. सोलापुराबाहेर मोहोळच्या रस्त्याला गोऱ्यांचे हे जुने कबरस्तान. गडगा ढासळलेला, आत तरवड माजलेला आणि तरवडात अंबुबाई धनगरणीची मेंढरे.

साहेबाची बोट मुंबईच्या गोदीत उभी होती. बरोबरची मंडळी बोटकंपनीच्या माणसामागून लेणी बघायला गेली. हा म्हातारा एकटाच आगगाडीत बसून सोलापूरला उतरला. सकाळी त्याने किल्ला पाहिला, कारण त्याचा आजा इथल्या पलटणीत होता. मग तो कबरस्तानात आला. इथे त्याची आत्या पुरलेली होती. चार वर्षांची असताना तापाने गेलेली. तिच्या नावाचा दगड बघायचा आणि संध्याकाळची गाडी धरायची, एवढेच त्याचे काम होते.

टांग्यात त्याने विरुपाक्षाला सगळे सांगितले होते. विरुपाक्ष म्हणजे स्टेशनवर मिळालेला दुभाषा, कोट घालणारा, नवा शिकलेला. “माझी आजी, म्हणजे त्या पोरीची आई, मरेपर्यंत रोज रात्री खिडकीत मेणबत्ती जळत ठेवायची,” साहेब म्हणाला होता. “आम्ही पोरं हसायचो. का ठेवतेस, ते तिनं कधी सांगितलं नाही.” विरुपाक्षही हसला होता.

आता साहेबाची काठी अंबुबाईकडे वळली. विरुपाक्षाने मान खाली घालून तिला मराठीत सांगितले.

“आमी?” अंबुबाईने कमरेवर हात ठेवले. “मेल्या माणसाच्या उशाचा दगड आमी उचलू? आरं कोटवाल्या, तुला तरी सांगताना लाज वाटली न्हाय व्हय?”

“आज्जी, मी नाही म्हणत. साहेब म्हणतात.”

“मग त्येला म्हणावं, चल. माझा मेंढरांचा वाडगा बघ, घर बघ. न्हाय सापडला तर हितंच मेंढरांम्होरं कान धरायचं. सांग त्येला!”

विरुपाक्षाने कान धरायचे तेवढे सोडून बाकीचे सांगितले.

अंबुबाईची वस्ती जवळच होती. साहेबाने काठीने उंबरा ठोकून पाहिला. धुण्याचा दगड उलटा करायला लावला. दावणीचे दगड पाहिले. अंबुबाईची सून बाळाबाई दळत होती. तिला उठवून जाते दाखवायला लावले. पीठ सांडले. अंबुबाईने चुलीकडे हात केला.

“चुलीत बी बघ म्हणावं. भाकरीखाली झाकला असंल आमी!”

साहेबाला काही सापडले नाही. कान धरायची पाळी आली तेव्हा त्याची नजर अंगणातल्या लिंबाखाली गेली. तिथे शेंदराने माखलेला एक बुटका देव होता. पुढे लहान लहान हिरव्या बांगड्या, एक लाकडी बाहुली आणि तेलाने काळी झालेली पणती. साहेबाने काठी तिकडे रोखली.

विरुपाक्ष दोन पावले मागे सरला आणि त्याने पायातले जोडे काढले.

“ती आमची धाकली आई हाय,” अंबुबाई आडवी आली. “लेकरांची देवी. माझ्या आजेसासूनं बसवलेली. तिला काठी लावलीस तर तुझं टक्कुरं फोडीन, साहेब असशील तुझ्या घरचा!”

साहेब हटेना. तोंडाने ‘चोर’ हा एकच शब्द चालला होता, आणि तो आता अंबुबाईला दुभाष्यावाचून कळत होता.

तिच्या अंगाचा भडका उडाला. ती वळली, देवीपुढे बसली आणि तिने दोन्ही तळवे देवीवर दाबले. “आई, तुझी आण. माझ्या घरात चोरीचा दगड असंल तर माझ्या हातात खूण दे!”

ऐन उन्हाळा होता. वर्षांवर्षांचा थापलेला शेंदूर उन्हाने तडकला होता. तिच्या तळव्यांखाली तो हलला आणि एक मोठी ढलपी सुटून तिच्या मांडीवर पडली.

आत सपाट दगड होता. दगडावर इंग्रजी अक्षरे होती.

साहेबाने गुडघे टेकून अक्षरांवरून बोट फिरवले. नाव आत्याचेच होते. वय चार वर्षे.

बाळाबाईने तोंडाला पदर लावला. अंबुबाई मांडीवरच्या शेंदराकडे बघत राहिली. ज्या घराची झडती तिने ताठ मानेने दिली, त्याच घरात दगड निघाला होता.

साहेब उठला. त्याने टांगेवाल्याला हमाल आणायला पिटाळले आणि विरुपाक्षाला म्हणाला, “हिला सांग, हा दगड आता माझ्याबरोबर बोटीवर जाणार.”

विरुपाक्षाने ते हळू आवाजात सांगितले. अंबुबाई रडेल, पाया पडेल, असे त्याला वाटले.

ती उठली. मांडीवरचा शेंदूर तिने जपून पदरात बांधला. मग पणती उचलून साहेबाच्या हातात आदळली. तेल त्याच्या पांढऱ्या बाहीवर सांडले.

“मग ही बी ने म्हणावं! मोठा आला नातेवाईक. इतकी वर्सं कुटं हुता? आजेसासू मरताना माझा हात धरून सांगून गेली, एक सांज चुकवू नगंस. माझी लेकरं दगावली त्या रोजाला बी मी चुकवली न्हाय. बोटीवर कोण लावनार हाय? इचार त्येला. दिवा लागतो म्हणावं तिला. अंधारात ती झोपत न्हाय.”

विरुपाक्ष इंग्रजीत सांगू लागला आणि शेवटच्या वाक्याशी अडखळला. टांग्यातले आपले हसणे त्याला आठवले. त्याने ते वाक्य पुरे केले.

साहेबाने पुन्हा एकदा विचारून घेतले. विरुपाक्षाने पुन्हा तेच सांगितले.

हमाल आले. साहेबाने त्यांना हातानेच परत पाठवले. मग भर उन्हात तो पणती घेऊन दगडापुढे बसला आणि त्याने खिशातली काडेपेटी काढली.