माणकाची साक्ष

तिसरं मंगलाष्टक चालू असताना शलाकाची नजर भिंतीवरच्या पडद्याकडे गेली आणि तिच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. कोयना खोऱ्यातल्या प्रत्येक मंगल कार्यालयात असा पडदा असे. प्रयोगशाळेत दोन हिऱ्यांच्या चिमटीत धरलेल्या खनिजकणाचं क्ष-किरण चित्र त्यावर दिसे. खोल खडकावर जेवढा दाब, तेवढाच यंत्र त्या कणावर देई. कणातली अणूंची रचना पालटली की खालचा खडकही पालटे आणि थोड्याच वेळात भूकंप होई.

एरवी चित्रात त्या रचनेचे सहा ठिपके असत. आता बारा होते!

शलाका त्याच प्रयोगशाळेत कामाला होती, भावाच्या लग्नासाठी रजेवर आलेली. तिने तिथूनच प्रयोगशाळेत फोन लावला.

"हिरा तडकला असणार," मुकादम सर म्हणाले. "नेहमीचंच आहे. बदलतो."

"सर, आधी माणिक बघा!"

दाब मोजायला कणाशेजारी माणकाचा कण ठेवलेला असे. हिरा तडकला की दाब उतरे आणि माणकाच्या प्रकाशाचा रंग सरके.

"रंग तोच आहे," सरांचा आवाज चढला. "शलाका, हे खरं आहे! भोंगा वाजवतो!"

"सगळे शेतात चला!" ती ओरडली.

"अगं, मुहूर्त टळेल!" आई म्हणाली.

"जमिनीखालचा टळणार नाही, आई!"

गुरुजी अंतरपाट काखोटीला मारून धावले. नवरानवरी शेतात पोचली, तोच जमीन हादरली आणि मागे रिकामं कार्यालय कोसळलं.

धूळ बसली. आईच्या मुठीत अक्षता अजून होत्या. त्या तिने आधी शलाकाच्या डोक्यावर टाकल्या.