पान पूर्ववत लावण्याबाबत

काश्मीर सहलीतल्या फोटोस्पर्धेत साडू बांदेकरांचा पहिला नंबर आला. पण तसं काही घडलंच नाही, असं केळुसकरांनी ठरवून टाकलं आणि ते शांतपणे बसच्या पहिल्या सीटवर जाऊन बसले.

ती सीट हेच तर बक्षीस होतं. तिच्यासाठी केळुसकर चार दिवस चिनारांखाली पालथे पडून, दीड किलोच्या कॅमेऱ्याने लाल पानं आणि मागचे डोंगर टिपत होते. बांदेकरांनी सगळ्या सहलीत एकच फोटो काढला, तोही मोबाइलवर, कणीस खाता खाता. त्यात चिनार होता, डोंगर होते आणि मधोमध पालथे केळुसकर. त्यांच्या टकलावर एक लाल पान मापात कापल्यासारखं बसलं होतं.

"अहो, उठा. भाऊजींची जागा आहे ती," बायको म्हणाली.

"टक्कल माझं आहे."

"हो, पण त्यांनी ते किती छान काढलंय. मी डीपी ठेवलाय."

तीस वर्षांत केळुसकरांचा एकही फोटो तिने डीपीला ठेवला नव्हता. ते मागे गेले आणि त्यांनी टूर मॅनेजरला अर्ज लिहिला.

"सदर पान उद्या सकाळी आठच्या आत मूळ फांदीस पूर्ववत लावावे, तसेच श्री. बांदेकर यांचे दाट केस काढून त्यांना त्याखाली पालथे झोपवावे, ही नम्र विनंती. कॅमेरा अर्जदार स्वतः आणेल."