येते म्हण

“आता बरं वाटतंय, ताई. थँक्यू. जाते.”

हेल्पलाइनच्या स्क्रीनवर त्या मुलीचा मेसेज आला आणि त्याच्या शेजारचा लाल ठिपका हिरवा झाला. म्हणजे चॅट तपासणाऱ्या मशीनच्या मते तिच्या जिवाचा धोका टळला होता. बाजूच्या खुर्चीवरचा सहकारी शर्वाणीला म्हणाला, “सुटलीस बाई! पुढचा चॅट घे.”

शर्वाणीनं मात्र पुढचा चॅट घेतला नाही. निघताना ‘जाते’ कोण म्हणतं? चुकून म्हटलं, तरी आई दारातून माघारी बोलावते. मशीनला कुणीतरी सगळं मराठी शिकवलं होतं, एवढं सोडून.

तिनं टाइप केलं, “जाते म्हणू नये गं. येते म्हणावं.”

पलीकडून कुणी लिहीत असल्याची तीन टिंबं उमटली, विझली. पुन्हा उमटली, पुन्हा विझली.

“येते म्हटलं की यावं लागतं, ताई.”

म्हणजे शर्वाणीची भीती खरी होती. तिनं लगेच टाइप केलं,

“म्हणूनच म्हण.”

टिंबं पुन्हा उमटली. या वेळी कितीतरी वेळ तशीच थरथरत राहिली.

“मग तुम्हीपण जाऊ नका.”